लाइट शोसाठी लेसर घ्यायचा की व्हिडिओ प्रोजेक्टर, कसं ठरवायचं

गणपती जवळ आले की मंडळातली पोरं फोन करून एकच विचारतात, दादा लेसर घेऊ का प्रोजेक्टर. तोपर्यंत कोणीतरी त्यांना "लेसरच भारी दिसतो" नाहीतर "जास्त लुमेनचा घे, विषय संपला" असं सांगून ठेवलेलं असतं (लुमेन म्हणजे प्रोजेक्टरच्या उजेडाचं माप). दोन्ही सल्ले अर्धवट आहेत आणि अशा सल्ल्यांवर वर्गणीचे पैसे वाया गेलेले मी बघितलेत, म्हणून सगळं एकदा नीट लिहितोय.

आधी नावाचा घोळ. दुकानात "लेसर प्रोजेक्टर" म्हणून जे दाखवतात तो बहुतेक वेळा व्हिडिओ प्रोजेक्टरच असतो, फक्त आत बल्बच्या जागी लेसर. चित्र तो पिक्सेलचंच टाकतो. शोचा लेसर वेगळा. त्यात लाल, हिरवा, निळा डायोड असतो आणि दोन चिमुकले आरसे, ते हलवणाऱ्या मोटरींना गॅल्व्हो म्हणतात. ते आरसे एकच ठिपका इतक्या वेगात फिरवतात की आपल्याला रेघ दिसते. अंधारात उदबत्ती गोल फिरवली की रिंगण दिसतं ना, तसंच. ही उदबत्ती डोक्यात ठेवा, पुढचं सगळं त्यावर आहे.

पहिलं, काय दाखवायचंय ते ठरवा. फोटो, व्हिडिओ, भरलेले रंग, चेहरे हवे असतील तर व्हिडिओ प्रोजेक्टर. रेघांचं चित्र, अक्षरं, धुरातले किरण हवे असतील तर लेसर. लेसरवर फोटो दाखवतो म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

दुसरं, भिंत बघून या, आणि ती शोच्या वेळेलाच बघा. दुपारी जाऊन काही कळत नाही. व्हिडिओ प्रोजेक्टरचा उजेड सगळ्या चौकटीत वाटला जातो, म्हणून लुमेनला चौरस मीटरने भागा. ३००० लुमेन ४ बाय सव्वादोन मीटरवर टाकले तर साधारण ३३० लक्स, म्हणजे दर चौरस मीटरला तितके लुमेन, पडतात, छान दिसतं. तेच चित्र दुप्पट रुंद केलं की ८३ लक्स, म्हणजे थेट चौथा हिस्सा, आणि समोर रस्त्यावरचा दिवा असेल तर चित्र फिकं पडणारच. त्यात भिंत चुन्याची पांढरी असेल तर ठीक, पण पंचवटीतल्या जुन्या वाड्याचं काळ्या दगडाचं जोतं असेल तर तो दगड उजेड पिऊन टाकतो. आणि प्रोजेक्टरचा काळा रंग खरा काळा नसतो, चित्राभोवती राखाडी चौकट दिसत राहते. लेसरमध्ये जिथे रेघ नाही तिथे खरोखर अंधार. शिवाय त्याला फोकस लागत नाही, ओबडधोबड दगडावर, झाडावर, कनातीवर, कुठेही रेघ बारीकच राहते. काळी किंवा वेडीवाकडी भिंत असेल तर मी डोळे झाकून लेसर निवडतो.

तिसरं, लेसरला तुमचं चित्र झेपतं का ते तपासा. इथेच सगळे अडकतात आणि इथेच मी एक अख्खा आठवडा घालवलाय.

लेसरवर "३० के" असं लिहिलेलं असतं, म्हणजे सेकंदाला ३०,००० बिंदू. आमच्या मंडळासाठी मी गणपतीचं चित्र नेटवरून घेतलं, सॉफ्टवेअरकडून आपोआप ट्रेस करून घेतलं आणि भिंतीवर टाकलं तर ते नुसतं फडफडत होतं, बघणाऱ्याचं डोकं दुखेल असं. मला वाटलं मशीनच खराब, भाड्याने देणाऱ्याशी वादही घातला. मग फाइल उघडून बिंदू मोजले तर २८०० निघाले. ३०,००० भागिले २८००, म्हणजे सेकंदाला जेमतेम ११ वेळा चित्र काढलं जात होतं. फडफड थांबायला २५-३० वेळा तरी लागतं, म्हणजे बजेट हजार-बाराशे बिंदूंचं. त्यापुढे कितीही महागडं सॉफ्टवेअर आणा, उपयोग नाही.

मग चित्र हाताने परत काढलं. हात न उचलता गणपती काढतात ना, सोंडेपासून सुरू करून, तसं. कारण रेघ तुटून दुसरीकडे सुरू होते तेव्हा लेसर विझवून आरसे तिकडे न्यावे लागतात, त्या रिकाम्या उडीलाही बिंदू खर्च होतात. कोपऱ्यांचंही तेच, आरशाला वजन असतं, मोटारसायकलसारखं वळणावर थोडं थांबावं लागतं, म्हणून कोपऱ्यावर जास्तीचे बिंदू ठेवायचे, नाहीतर मुकुटाची टोकं गोल होतात. दागिने, उंदराच्या मिशा, सगळं काढून टाकलं आणि ९०० बिंदूंत बाप्पा असा स्थिर उभा राहिला की शेजारच्या आजींनी हात जोडले.

दुसरी गोष्ट दुकानदार सांगत नाहीत. तो ३० केचा आकडा फक्त ८ अंशांच्या कोनात मोजलेला असतो. तुम्ही चित्र मोठं करायला कोन ४० अंश केलात की आरशांना तितकंच जास्त हलावं लागतं, मग रेघा गोलावतात, गॅल्व्हो तापतात आणि शेवटी जळतात. कृपा करून हे करू नका. चित्र मोठं हवंय तर मशीन मागे न्या. ६ मीटरवरून ४० अंशांत साधारण साडेचार मीटर रुंदी मिळते, तर १५ मीटरवरून १६ अंशांतच ४ मीटरच्या वर मिळते, आणि रेघ सुरेख राहते. घेण्याआधी इल्डाचं (लेसर शोवाल्यांची आंतरराष्ट्रीय संघटना) टेस्ट पॅटर्न लावून दाखवायला सांगा, वेग बरोबर असेल तर मधला गोल चौकोनाला आतून नुसता टेकलेला दिसतो. दाखवायला टाळाटाळ केली तर तिथून उठा.

व्हिडिओ प्रोजेक्टरचं अंतराचं गणित सोपं आहे, थ्रो रेशो, म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी, दीड असेल तर ४ मीटर रुंदीला ६ मीटर अंतर, बस.

चौथं, डोळे. यात मी कोणाचंही ऐकत नाही. अर्ध्या वॅटच्या वरचा लेसर म्हणजे क्लास ४, सगळ्यात धोकादायक वर्ग, डोळ्यात गेला तर पापणी मिटेपर्यंत डोळ्याच्या पडद्याला इजा झालेली असते. २०२३ च्या विसर्जन मिरवणुकीनंतर आपल्या नाशकातच तरुणांच्या डोळ्यांना लेसरने इजा झाल्याच्या बातम्या आल्या होत्या, त्या आठवा. किरण माणसांच्या उभ्या जागेपासून किमान ३ मीटर वर, गर्दीवर कधीच नाही, आकाशाकडे तर नाहीच, ओझरचा विमानतळ जवळ आहे. समोर काच किंवा स्टीलची कमान असेल तर किरण उलटा येतो, आधी तीच झाका. आरसे अडकले तर सगळी ताकद एकाच ठिपक्यात उतरते, म्हणून अशा वेळी लेसर आपोआप बंद करणारी स्कॅन-फेल सेफ्टी नसलेली मशीन फुकट मिळाली तरी घेऊ नका. बंद करायचं लाल बटण स्वतःच्या हाताशी ठेवा, पोरांकडे देऊ नका. मिरवणुकीत लेसर लावायचाच नाही, आणि मंडपात लावायचा असेल तरी त्या वर्षीचा पोलिसांचा आदेश आधी वाचा.

लहान मुलं अगदी जवळ येणार असतील तर सरळ व्हिडिओ प्रोजेक्टर घ्या, मीही तेच करतो. त्याच्याही भिंगात जवळून बघू देऊ नका एवढंच.

पाचवं, धूर. किरण हवेत दिसायला धूर लागतो, भिंतीवरच्या चित्राला नाही. गोदाकाठी वारा असतो, तिथे धूर टिकत नाही, किरणांचा शो बंद मंडपातच करा.

सहावं, जागेवर रात्री एकदा पूर्ण चालवून बघा. जनरेटरवर, पावसाचं प्लास्टिक वरून टाकून पण हवेची जाळी मोकळी ठेवून. आणि बघायला आलेल्यांना सांगून ठेवा की मोबाइलचा कॅमेरा लेसरच्या तोंडासमोर धरू नका, सेन्सरवर कायमची रेघ उमटते, माझ्या भावाच्या फोनमध्ये ती अजून आहे, प्रत्येक फोटोत डाव्या कोपऱ्यात.