मशीन फॉरमॅट करण्याआधी सॉफ्टवेअरची तयारी

फॉरमॅट करायचं ठरलं की आपण फोटो, कागदपत्रं, डेस्कटॉपवरच्या फाइली भराभर बाहेरच्या डिस्कवर टाकतो आणि तयारी झाली असं समजतो. मीही तसंच केलं होतं. सहा वर्षांचे हिशेब सुखरूप होते, पण ज्या प्रोग्राममध्ये ते लिहिले त्याची जुनी आवृत्ती कंपनीने साइटवरून काढून टाकली होती आणि नवी आवृत्ती ती फाइल उघडायला तयार नव्हती. म्हणून डेटाइतकीच त्याला उघडणाऱ्या सॉफ्टवेअरची काळजी घ्या, आणि तीही मशीन धड चालू असतानाच.

सुरुवात यादीपासून करा. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या पानावर काय काय टाकलेलं आहे ते आवृत्तीच्या आकड्यासकट लिहून घ्या. स्क्रीनशॉट काढला तरी चालेल, फक्त तो त्याच डिस्कवर ठेवू नका. प्रोग्राम फाइल्सचा फोल्डर उचलून दुसरीकडे ठेवला की काम झालं, असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं होत नाही. इन्स्टॉल होताना प्रोग्राम रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंग्जच्या नोंदवहीत) नोंदी करतो, सिस्टिमच्या फोल्डरांत फाइली टाकतो. नुसता फोल्डर नव्या विंडोजवर नेला तर बहुतेक मोठे प्रोग्राम उघडतही नाहीत. लागते ती मूळ सेटअप फाइल.

ब्राउझर, व्हिडिओ प्लेअर अशा फुकट आणि सहज मिळणाऱ्या गोष्टींवर वेळ घालवू नका, त्या नंतर उतरवता येतात. लक्ष द्यायचं ते विकत घेतलेल्या आणि जुन्या सॉफ्टवेअरकडे, बंद पडलेल्या प्रिंटर-स्कॅनरच्या ड्रायव्हरकडे, प्लगइनकडे. सेटअप फाइल हाताशी असेल तर आधी तिचा आकार बघा. मोठ्या प्रोग्रामची फाइल दोन-तीन एमबीचीच असेल तर ती बहुधा नुसती डाउनलोडर आहे, खरा माल ती इंटरनेटवरून आणते. कंपनीच्या साइटवर ऑफलाइन इन्स्टॉलर शोधा आणि तो घ्या. फाइलीचं नाव ‘सेटअप (३)’ असं राहू देऊ नका; प्रोग्राम, आवृत्ती, ३२ की ६४ बिट, एवढं नावातच लिहा. कंपनीने एसएचए-२५६ (फाइलीचा जणू बोटांचा ठसा) दिला असेल तर ती ६४ अक्षरांची ओळ शेजारी टेक्स्ट फाइलीत ठेवा. पुढे कधी फाइल खराब झाल्याची शंका आली तर विंडोजमधल्या सर्टयुटिल या कमांडने ती ताडून पाहता येते.

आता की, म्हणजे सॉफ्टवेअर विकत घेतल्याचा अक्षर-आकड्यांचा कोड. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. विंडोज ८ पासून तयार लॅपटॉपांमध्ये की बहुतेक वेळा मदरबोर्डच्या फर्मवेअरमध्येच (त्यातल्या कायमच्या सॉफ्टवेअरमध्ये) असते. तीच आवृत्ती पुन्हा टाकली तर इन्स्टॉलर ती स्वतः उचलतो. विंडोज १० आणि ११ ला डिजिटल लायसन्स असतं, ते आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडलेलं आहे का हे अ‍ॅक्टिव्हेशनच्या पानावर आजच तपासा. मदरबोर्ड बदलला तर तीच जोडणी उपयोगी पडते. जुन्या मशीनच्या पोटाखाली स्टिकर असेल तर अक्षरं पुसट व्हायच्या आत फोटो काढा. वाचताना एक खूण लक्षात ठेवा: विंडोजच्या २५ अक्षरी कीमध्ये इंग्रजी स्वर नसतात, शून्य, एक आणि पाच हे आकडेही नसतात. गोल अक्षर ओ किंवा शून्य वाटत असेल तर ते क्यू किंवा डी म्हणून पुन्हा बघा. आठ आणि बी यांचा गोंधळ मात्र उरतोच, तिथे भिंग घ्या.

ऑफिसची गोष्ट वेगळी. ऑफिस २०१३ पासून मशीनवर कीची शेवटची पाचच अक्षरं सापडतात. की शोधून देतो म्हणणारं कुठलंही टूल उरलेली वीस आणू शकत नाही, आणि अनोळखी साइटवरून असलं टूल उतरवणं म्हणजे व्हायरसला घरात घेणं. त्यापेक्षा खरेदीचा ईमेल, बिल, डब्यातलं कार्ड शोधा. बिल तर जपाच. की हरवली तर कंपनीकडे मागायला तोच पुरावा लागतो. खरेदी कोणत्या ईमेलवर झाली तेही लिहा; नोकरी बदलून तो पत्ता बंद झाला असेल तर खात्यातला पत्ता आत्ताच बदला.

ठरावीक मशीनपुरतं लायसन्स असलेला प्रोग्राम फॉरमॅटच्या आधी आतूनच डीअ‍ॅक्टिव्हेट करा. नाहीतर कंपनीच्या लेखी जुनं मशीन अजून चालू असतं आणि नव्यावर ‘मर्यादा संपली’ असं येतं. फार जुन्या सॉफ्टवेअरचा अ‍ॅक्टिव्हेशन सर्व्हर अजून चालू आहे का, हेही पाहून घ्या. अडोबीने क्रिएटिव्ह सूट २ चा सर्व्हर बंद केला तेव्हा त्याच्या मूळ की निरुपयोगी झाल्या आणि ग्राहकांना वेगळी आवृत्ती व सिरियल नंबर द्यावे लागले. प्रत्येक कंपनी एवढं करेलच असं नाही.

बिटलॉकर, म्हणजे डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय, चालू असेल तर ४८ आकडी रिकव्हरी की कागदावर लिहा. वायफायचा ड्रायव्हर पेन ड्राइव्हवर आधी टाका, कारण नेटच नसेल तर बाकी काहीच उतरवता येत नाही. पेन ड्राइव्ह एफएटी३२ या जुन्या फॉरमॅटमध्ये असेल तर ४ जीबीहून मोठी फाइल त्यावर बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून घ्या. सेटअप फाइलींच्या दोन प्रती दोन वेगळ्या साधनांवर हव्यात, आणि त्यातली एक मशीनपासून लांब. की पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा, शिवाय छापील कागद. पासवर्ड मॅनेजरचे टू-फॅक्टर बॅकअप कोड (फोन हाताशी नसला तर आत शिरायला लागणारे) त्याच कागदासोबत नकोत, दुसरीकडे ठेवा.

एवढं झालं की एखादा महत्त्वाचा सेटअप व्हर्च्युअल मशीनमध्ये (संगणकाच्या आत चालणाऱ्या वेगळ्या आभासी संगणकात) नेट बंद करून चालवून बघा. तो मध्येच इंटरनेट मागू लागला तर आजच कळेल. आणि जमत असेल तर जुनी डिस्क न पुसता काढून ठेवा, विंडोज नव्या एसएसडीवर टाका. प्रत्येक प्रोग्राममध्ये त्याची एक जुनी फाइल उघडून, बदल करून, सेव्ह होईपर्यंत त्या डिस्कला हात लावू नका.