कासच्या छायाचित्रांच्या चुकलेल्या तारखा : माझा अनुभव

२०१२ साली जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेल्या कास पठारावरील फुलांची नोंद मी दर सप्टेंबरमध्ये साताऱ्याहून जाऊन ठेवतो, आणि कोणते फूल कोणत्या दिवशी उमललेले होते याला त्या नोंदीत सर्वाधिक महत्त्व असते. यंदा कॅमेऱ्याच्या कार्डावरील छायाचित्रे डिजिकॅम या संगणकावर छायाचित्रे लावून ठेवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये घेतली, तेव्हा ती सगळी जानेवारी २०१० च्या अल्बमांत जाऊन पडली. जानेवारीत तेथे असा बहर नसतोच!

हे सॉफ्टवेअर तारीख घेते ती छायाचित्रातच साठवलेल्या एक्झिफ माहितीतून, आणि ती माहिती येते कॅमेऱ्याच्या घड्याळातून. मी कॅमेऱ्याची बॅटरी कित्येक महिने काढून ठेवल्यामुळे ते घड्याळ मूळ तारखेवर गेले होते.

घड्याळ लगेच बरोबर करण्याचा मोह मी कटाक्षाने टाळला, कारण तसे केले असते तर नेमका फरक किती, हे कळण्याचा मार्गच बंद झाला असता. आधी त्याच कॅमेऱ्याने मोबाइलवरील सेकंद दाखवणाऱ्या घड्याळाचे छायाचित्र काढले. डिजिकॅममधील तारीख व वेळ बदलण्याच्या सोयीत असे छायाचित्र निवडून त्यात दिसणारी खरी वेळ भरली, की फरक आपोआप काढला जातो. ही सोय मला फार मोलाची वाटते. मूळ फाइलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवून तो फरक सर्व छायाचित्रांना लावला. अल्बमांची नावे मात्र हातानेच बदलावी लागली. कॅमेऱ्याचे घड्याळ त्यानंतरच लावले.