ओव्हनचं दार लागतं पण ओव्हन चालू होईना? पीसीबीच्या आधी लॅच बघा

घड्याळ दिसायलंय, बटणं टीं-टीं करायलीत, पण स्टार्ट दाबलं की ओव्हन ढिम्म. असं झालं की घरातले लगेच "पॅनल गेलं असंल" म्हणतात आणि मेकॅनिकबी फोनवरच पीसीबीचा, म्हंजे आतल्या सर्किट बोर्डाचा, खर्चाचा आकडा सांगून मोकळा होतो. पीसीबी जातच नाही असं नाही, पण हजारांचा खर्च मान्य करायच्या आधी पंधरा-वीस मिनिटं दाराला द्या, कारण लई वेळा दुखणं तिथंच निघतं आणि ते स्वस्तातलं असतं.

ओव्हन म्हंजे इथं आपल्या घरात सहसा असतो तो, कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह. ओटीजीला (कॉइलवर तापणारा साधा ओव्हन) लॅच, म्हंजे दाराचा हुक, बहुतेक नसतंच, त्याचं दार नुसतं बिजागरीच्या स्प्रिंगवर दाबून बसतं, स्प्रिंग सैल झाली तर वाफ बाहेर येते अन् केक नीट फुगत नाही, पण ओटीजी चालू व्हायचा काही थांबत नाही. मायक्रोवेव्हचं तसं नाही. दार पक्कं लागल्याशिवाय तो आतला मॅग्नेट्रॉन, म्हंजे अन्न तापवणाऱ्या लहरी काढणारा भाग, चालूच करत नाही, आणि दार लागलं हे त्याला कळतं ते दाराच्या कडेला असलेल्या प्लास्टिकच्या दोन हुकांवरून. हे हुक समोरच्या खाचेत शिरतात अन् आतले छोटे मायक्रो स्विच दाबतात, बहुतेक मॉडेलात तीन असतात. दार लावताना जो टक् आवाज येतो तो ह्यांचाच. तो आवाज मऊ झाला, किंवा दार लावल्यावर परत किंचित बाहेर यायलंय असं वाटलं, की समजायचं.

सगळ्यात आधी फालतू कारणं काढून टाका. चाइल्ड लॉक लागलंय का बघा, डिस्प्लेवर चावीचं चित्र किंवा एल असं काहीतरी दिसतं, बऱ्याच मॉडेलात स्टॉपचं बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की निघतं. लाईट जाऊन आली असंल तर लावलेला टाइम पुसला गेलेला असतो, तो परत लावा. आणि आमच्याकडं उन्हाळ्यात संध्याकाळी व्होल्टेज पडतं तसं पडलं असंल, तर प्लेट फिरते, दिवा लागतो पण भाजी कोमटच निघते, त्यात लॅचचा काही संबंध नाही, स्टॅबिलायझर बघा.

आता खरी तपासणी. किचनची लाईट बंद करा आणि ओव्हनचं दार हळूहळू, अगदी बोटबोट, उघडा आणि लावा. बहुतेक मॉडेलात दार उघडलं की आतला दिवा लागतो अन् लावलं की विझतो. दार पूर्ण लावूनबी दिवा चालूच असंल, किंवा दार जरा हलवलं की लुकलुक करत असंल, तर हुक किंवा स्विचकडंच गडबड आहे. मग दाराच्या वरच्या कोपऱ्यावर अंगठ्यानं दाबून स्टार्ट करा (आत पाण्याचा ग्लास ठेवून, रिकामा कधीच चालवायचा नाही), नाही झाला तर खालच्या कोपऱ्यावर. वर दाबलं की चालू होतो म्हंजे वरचा हुक पोचत नाही, खाली दाबलं की होतो म्हंजे खालचा. हँडल जरा वर उचलून धरलं की चालतो असं असंल तर बिजागरी खाली बसलीय, ओल्या टॉवेलची घडी रोज हँडलला अडकवणारी आणि उघड्या दारावर कुकर टेकवणारी घरं मी बघितलीत, तिथं हेच होतं. दाराच्या वरची फट आणि खालची फट डोळ्यानंच ताडून बघा, फरक लगेच कळतो.

हा शोध लावायपुरताच अंगठा वापरा. कायम चालवायला म्हणून दाराला रबर, चिकटपट्टी, पुठ्ठ्याची घडी, हे धंदे नकोत.

दुखणं कुठं आहे ते कळलं की प्लग काढा, नुसता स्विच बंद करून भागायचं नाही, आणि बॅटरी घेऊन त्या दोन खाचांत बघा. मला तिथं हमखास सापडते ती शेंगदाण्याची लाल फोलपटं. चटणीला, भुरक्याला दाणे मायक्रोवेव्हमधीच भाजायची आता घरोघरी सवय झालीय, दार उघडून फुंकर मारली की फोलपटं उडून थेट खाचेत, वरून तुपाचा हात अन् फोडणीची वाफ, मग तिथं असा तपकिरी चिकट थर बसतो की हुक आत जायला जागाच राहत नाही. कोमट साबणाच्या पाण्यात कापडाचं टोक भिजवून घट्ट पिळा अन् हुक पुसा, खाचेच्या तोंडाशी कानातली काडी जराशी ओली करून फिरवा. पाणी आत जाऊ द्यायचं नाही, सुरी-पिन खुपसायची नाही आणि खोबरेल तेल तर अजिबात नाही, आज सुळकन बंद होतं अन् महिनाभरात तेच तेल धूळ धरून पहिल्यापेक्षा घट्ट होतं. झुरळं दिसली तर आधी त्यांचा बंदोबस्त, ती पॅनलच्या उबेला आत घर करतात.

पुसून झालं की हुक बोटानं वर-खाली दाबा. दोन्ही हुक सहसा एकाच प्लास्टिकच्या पट्टीचे असतात, एक दाबला की दुसराबी हलला पाहिजे आणि सोडला की चटकन जागेवर आला पाहिजे. लुळा पडून राहिला तर आतली स्प्रिंग निसटलीय किंवा तुटलीय, एकच हलला तर पट्टी मोडलीय. हुकाचं टोक झिजून गोल झालं असंल तरी तो दिसायला शाबूत दिसतो, म्हणून दुसऱ्या हुकाच्या टोकाशी ताडून बघा. फेव्हिक्विकनं चिकटवलेला हुक टिकत नाही, आणि टिकला तरी मिलिमीटरभर इकडंतिकडं झाला की स्विच नीट दाबला जात नाही. नवा घ्या. दुकानात "डोअर हुक" किंवा "लॅच" म्हणून मागा आणि मागच्या स्टिकरवरचा मॉडेल नंबर फोटो काढून दाखवा, नुसतं कंपनीचं नाव सांगून चुकीचाच येतो. लातूर-नांदेड-संभाजीनगरला शोधलं तर मिळतो, सेलू-गंगाखेडला बसून मागवायचा असंल तर जुना हुक शेजारी पट्टी ठेवून त्याचा फोटो पाठवा.

बसवायचं काम हात बसलेल्या माणसाला घरी जमतं, कारण बहुतेक मॉडेलात फक्त दाराची आतली प्लास्टिकची चौकट काढावी लागते, ओव्हनची बॉडी नाही. चपट्या स्क्रूड्रायव्हरला कापड गुंडाळून एकेक खटका हळू सोडवा. स्प्रिंग कुठल्या भोकात अडकवलीय त्याचा फोटो आधी काढा, कारण ती उडते, आणि उडाली की फ्रिजच्याच खाली जाते.

हुक चांगला, खाच स्वच्छ, तरीबी चालू होईना, तर राहिले आतले स्विच. इथं मात्र हात आवरा. ते बॉडीच्या आत आहेत, आणि त्याच आत दोनेक हजार व्होल्टचं काम करणारा कपॅसिटर आहे, प्लग काढल्यावरबी त्यात करंट साठून राहू शकतो अन् तो जीव घेऊ शकतो. माहितगार माणूसच बोलवा, पण तो काय करायलाय ते कळलं पाहिजे. तीनमधले दोन स्विच दार लागलं की सुरू होतात, तिसरा उलटा, दार लागलं की बंद. हा तिसरा राखणदार आहे. मुख्य स्विचचे पॉइंट जळून चिकटले आणि दार उघडलं तरी सप्लाय सुटला नाही, तर तो मुद्दाम शॉर्ट करून फ्यूज उडवतो. म्हणून दार उघडताच फ्यूज जात असंल तर नुसता फ्यूज बदलून उपयोग नाही, आणि फ्यूजच्या किटकॅटमधी जाड तार भरायची आपली जुनी सवय तर इथं लावायचीच नाही.

आता ते "डायरेक्ट" प्रकरण, म्हंजे स्विच टाळून वायरी थेट जोडणं. "वैनी, स्विचच डायरेक्ट करून देतो, परत कटकट नाही," असं म्हणणारे भेटतात. त्याला म्हणायचं, "नको भाऊ, स्विच नवेच टाका, दोन दिवस थांबते मी." डायरेक्ट केला की दार उघडं असताना ओव्हन चालू राहू शकतो, समोर उभं लेकरू असंल तरी. स्विच स्वस्त असतात, तिन्ही एकदमच बदलून घ्या, तेवढ्याच रेटिंगचे, सहसा १६ अँपिअर २५० व्होल्ट लिहिलेलं असतं, अन् उलटा स्विच सुलट्याच्या जागी गेला नाही ना ते त्याला मीटर लावून दाखवायला सांगा.

बटण दाबून उघडायच्या दाराचं बटण आत गेलं अन् दार अडकलं, तर सुरीनं उचकटू नका. प्लग काढा, बटण पूर्ण दाबून धरा अन् दार हलकं आत ढकलून मग ओढा, नाही निघालं तर आतला दांडा मोडलाय, ते बॉडी खोलूनच होतं.

एक गोष्ट घाबरवते पण बिघाड नसते: कन्व्हेक्शन किंवा ग्रिलनंतर दार उघडलं तरी पंखा थोडा वेळ घरघरतो, तो ओव्हन थंड करायलाय. मायक्रो मोडमधी दार उघडूनबी प्लेट फिरतीच राहिली तर मात्र तिथंच प्लग काढा अन् वापर बंद.

काम झाल्यावर ग्लासभर पाणी एक मिनिट फुल पॉवरवर ठेवा, पाणी चांगलं तापलं पाहिजे, मधीच दार उघडलं की सगळं गप झालं पाहिजे. मेकॅनिककडं लीकेज मीटर (दारातून लहरी किती बाहेर येतात ते मोजणारा) असंल तर दाराच्या चारी कडा तपासून घ्या, ५ सेंटिमीटरवरून दर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॉटच्या आत पाहिजे. दाराचा पत्राच वाकलाय किंवा काचेतली जाळी फाटलीय, तर हुक-स्विचवर पैसे घालू नका, पूर्ण दारच बदला, नाहीतर नवा ओव्हन. आणि काढलेले जुने स्विच मागून घ्या, खरंच बदललेत का नाही तेवढं तरी कळतं.