चपला घालूनच आत या : पेठेत छोटी आर्ट गॅलरी चालवायची तर

पहिल्या महिन्यात आमच्या दारात रोज तेच घडायचं. रस्त्यानं जाणारा माणूस थबकायचा, काचेतून आत बघायचा, एक पाय उंबऱ्यावर ठेवायचा आणि मग खाली स्वतःच्या चपलांकडं बघायचा. काढायच्या का नाही काढायच्या? ते ठरेना म्हणून निम्मे लोक तसेच पुढं जायचे. जे काढून आत यायचे ते देवळात आल्यासारखे हात बांधून, दबक्या आवाजात बोलत फिरायचे. शेवटी मी एका पुठ्ठ्यावर ठळक लिहिलं : 'चपला घालूनच आत या. बघायला पैसे पडत नाहीत. काही घ्यावं लागत नाही.' माउंटचाच, म्हणजे फ्रेममध्ये चित्राभोवती लावतात त्या चौकटीचाच, उरलेला पुठ्ठा. गॅलरीवर मी आजवर जो खर्च केला, त्यात या पाटीइतकं काम कशानंच केलं नाही.

मी कोल्हापूरची, शुक्रवार पेठेतली. वडिलांचं फोटो फ्रेमचं दुकान. अंबाबाई, शाहू महाराज, लग्नातले जोडफोटो आणि तालमीतले पैलवान, हे आमचं गिऱ्हाईक. २०१७ साली फ्रेमचं काम मागच्या खोलीत नेलं आणि पुढच्या १४ बाय २२ फुटांच्या जागेत गॅलरी काढली. कोल्हापूरला लोक कलापूर म्हणतात. आबालाल रहिमान, बाबूराव पेंटर या जुन्या चित्रकारांची नावं इथं अभिमानानं घेतली जातात. शाहू महाराज १९२२ मध्ये गेल्यावर आबालालनी आपली चित्रं इथल्या कोटितीर्थ तलावात सोडून दिली, ही गोष्ट आमच्याकडं फ्रेम करायला आलेला कुणीही सांगतो. पण आत्ता, याच गावातली पंचवीस-तीस वर्षांची पोरं काय काढताहेत, ते विचारलं की सगळे गप्प. म्हणून हा उद्योग. आता सांगली, कऱ्हाडकडून कुणी ना कुणी फोन करून विचारतं, 'आम्हालाही करायचंय, कसं करायचं?' त्यांच्यासाठी हे लिहिते आहे.

आधी भिंत

सगळे दिव्यांपासून सुरुवात करतात. तुम्ही भिंतीपासून करा. पेठेतल्या जुन्या भिंतीत खिळा ठोकला की तळहाताएवढा पोपडा हातात येतो. मी तीन भिंतींवर लाकडी पट्ट्या मारून १२ मिलिमीटरचा प्लायवूड बसवला, वाळवीचं औषध मारलं, सांधे लांबीनं (पुट्टीनं) भरले आणि पांढरा मॅट रंग दिला. प्लायवूडच्या मागं थोडी पोकळी राहते, त्यामुळे भिंतीची ओल थेट चित्राला लागत नाही. चकाकणारा रंग अजिबात नको, दिवा भिंतीतच दिसायला लागतो. चौथी भिंत मी उघड्या विटांची ठेवली. चित्रकारांना ती फार आवडते आणि तिच्यावर लावलेलं चित्र कुणालाच दिसत नाही. तिच्यापुढं मी फक्त शिल्प ठेवते.

दिवे ट्रॅकवरचे एलईडी घ्या, ३००० ते ३५०० केल्विनचे (उजेड किती पिवळा किंवा पांढरा ते हा आकडा सांगतो). खोक्यावर सीआरआय नावाचा आकडा असतो, त्या उजेडात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो, तो ९०च्या वर हवा, नाहीतर लाल रंग विटकरी दिसतो आणि चित्रकार तुमच्याशी भांडतो. जलरंग आणि कागदावरच्या कामावर ५० लक्सपेक्षा (लक्स हे उजेडाचं माप) जास्त उजेड नको. तैलरंग, ॲक्रिलिकला २०० पर्यंत चालतो. फोनवरच्या ॲपनं अंदाज येतो. आमची काच पश्चिमेला आहे, चारनंतर ऊन थेट आत येतं. तिथं जाड खादीचा पडदा आहे आणि तो ओढायचा गजर माझ्या फोनमध्ये आहे.

वर्षात सहाच प्रदर्शनं

जास्त करू नका. मी एक प्रदर्शन तीन आठवडे ठेवते आणि दोन प्रदर्शनांच्या मध्ये महिनाभर श्वास घेते. मार्च परीक्षांचा, तेव्हा घरं बंद असतात. जून ते सप्टेंबर कागदावरचं काम लावत नाही. नवरात्रात सगळं गाव अंबाबाईच्या रांगेत असतं, तेव्हा उद्घाटन ठेवलं तर तुम्ही आणि चित्रकार दोघंच चहा पिता. वेळ संध्याकाळी ५ ते ९. सकाळी कुणी येत नाही, सकाळ फ्रेमच्या धंद्याची. घरभाडं तोच धंदा भरतो, गॅलरी नाही. हे आधीच मान्य केलं तर पुढं चिडचिड होत नाही.

चित्रकाराबरोबर एक कागद मराठीत लिहून दोघांनी सही करायचीच. मित्र असला तर आधी करायची. त्यात किती चित्रं, प्रत्येकाची किंमत, आणण्या-नेण्याचा खर्च कुणाचा, नुकसान झालं तर काय, विकल्यावर पैसे किती दिवसांत. मी ३० टक्के घेते आणि महिन्याच्या आत बाकीचे देते. एक अट कधी सोडत नाही : स्टुडिओत आणि गॅलरीत किंमत एकच. चित्र आलं की चित्रकारासमोरच त्याच्या चारी कोपऱ्यांचे आणि मागच्या बाजूचे फोटो काढते. कोपरा आधीच दबलेला होता का माझ्याकडं दबला, हा वाद फोटोनं दोन मिनिटांत मिटतो.

आणखी एक. चित्र विकलं म्हणून त्याचा कॉपीराइट विकला जात नाही. तो लेखी दिल्याशिवाय चित्रकाराकडंच राहतो. एका गिऱ्हाइकानं चित्र नेलं आणि दिवाळीत ते त्यांच्या दुकानाच्या कॅलेंडरवर छापून आलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता, 'आमचंच चित्र की' अशी समजूत होती. तेव्हापासून बिलावर ही ओळ छापलेली आहे.

खिळा कुठं मारायचा

मला सगळ्यात जास्त विचारतात ते हे. चित्राचा मध्य जमिनीपासून ५८ इंचांवर आला पाहिजे. चित्र लहान असो वा मोठं, मध्य तिथंच. गणित सोपं आहे : ५८ मध्ये चित्राच्या उंचीचा निम्मा भाग मिळवा आणि मागची तार ताणल्यावर ती वरच्या कडेपासून जितकी खाली येते तेवढं वजा करा. ३० इंच उंचीचं चित्र, तार ३ इंच खाली. ५८ अधिक १५ वजा ३, म्हणजे ७० इंचांवर खिळा. मोठ्या चित्राला एक खिळा नको, दोन मारा. एकावर ते रात्रीत वाकडं होतं.

त्याआधी एक पूर्ण दिवस सगळी चित्रं जमिनीवर, भिंतीला टेकवून ठेवा. खाली जुन्या गोधड्या. माझ्या खोलीत १२ ते १४ चित्रं बसतात. चित्रकार नेहमी वीस आणतो. वीस लावली की बघणारा माणूस तिसऱ्यापासून चालत सुटतो. उरलेली मागं ठेवा, कुणी मनापासून रस दाखवला तर काढून दाखवा. मागच्या खोलीत नेलेल्या माणसाला मान दिल्यासारखं वाटतं, आणि माझी निम्मी विक्री तिथंच होते.

नावपट्टीवर नाव, वर्ष, माध्यम, आकार आणि किंमत. हो, किंमतसुद्धा. पेठेतला माणूस किंमत विचारायला लाजतो आणि मनात दहापट धरून निघून जातो. भिंतीवरचा मजकूर शंभर शब्दांच्या आत, मराठीत. चित्रकार जे लिहून देतात त्यात 'अवकाश', 'अस्तित्व' आणि 'अमूर्ताचा शोध' हे तीन पाहुणे ठरलेले. मी तो कागद आमच्याकडं पट्ट्या कापणाऱ्या पोराला मोठ्यानं वाचायला लावते. तो अडला की ते वाक्य गेलं. एकदा वडील ऐकत बसले होते. म्हणाले, 'ते समदं खरं, पर पोरानं काढलंय काय?' ते भाताचं खाचर होतं. मग आम्ही तसंच लिहिलं : 'हे माझ्या मामाचं खाचर, लावणीच्या आदल्या दिवशीचं.'

उद्घाटन

पहिल्या वेळी मी पाच पाहुणे बोलावले. शाल, श्रीफळ, दीपप्रज्वलन. भाषणं एक तास दहा मिनिटं चालली आणि तेवढा वेळ सगळे चित्रांकडं पाठ करून उभे. आता भाषण नाही, खुर्च्याही नाहीत. चित्रकार आणि त्याच्या घरचे दारात उभे राहतात. चहा बाहेर कट्ट्यावर. भडंग देऊ नका. मी दिला होता. हळदीच्या तेलाची पाच बोटं पांढऱ्या भिंतीवर अशी उमटली की रंगाचा हात पुन्हा द्यावा लागला.

पेठेतल्या लोकांसाठी

महिन्यातून एका शुक्रवारी आम्ही 'एक चित्र, पाऊण तास' करतो. दहा-बारा स्टुलं, एकाच चित्रासमोर. पहिली पाच मिनिटं कुणी बोलायचं नाही. ती पाच मिनिटं फार लांब वाटतात, पण सांभाळा. मग प्रत्येकानं फक्त काय दिसतं ते सांगायचं, आवडलं-नावडलं नाही. चित्रकार बोलणार सगळ्यात शेवटी. तो आधी बोलला की बाकीचे मान डोलवायला लागतात. शेजारच्या शिंपीकाकांनी एका अमूर्त चित्रात 'हिथं कापड उलटं जोडलंय' म्हणून बोट ठेवलं, आणि त्या कोपऱ्यात कॅनव्हासचा तुकडा खरंच उलटा चिकटवलेला होता. चित्रकारालाही आठवत नव्हतं.

मुलांसाठी रविवारी सकाळी दीड तास. जाड कागद, कोळशाच्या कांड्या, जुने शर्ट. स्पर्धा नाही, नंबर नाही, प्रमाणपत्र नाही. आया विचारतातच, 'सर्टिफिकेट मिळणार न्हाई व्हय?' मी नाही म्हणते. तरी येतात.

पण सगळ्यात गर्दी होते ती 'घरातली एक वस्तू'ला. वर्षातून एकदा, आठ दिवस, गॅलरीत पेठेतल्या घरांतली एकेक वस्तू मांडायची आणि तिच्याशेजारी एखाद्या तरुण चित्रकारानं त्याच वस्तूवरून केलेलं नवं काम. पहिल्या वर्षी घरोघर जाऊन मागितलं तेव्हा सगळे म्हणाले, 'आमच्यात काय हाय दाखवण्यासारखं?' मग मी विचारायची पद्धत बदलली. 'घर बदलताना काय टाकवलं नाही?' असं विचारलं की माळ्यावरून वस्तू उतरायला लागतात. चपला शिवणाऱ्या एका आज्जींची रापी, म्हणजे चामडं कापायचं हत्यार, आली, घासून घासून बोटाएवढी उरलेली. कुणाचा पानाचा डबा, कुणाची हलगी. एका माजी पैलवानांनी करेला, म्हणजे तालमीतला व्यायामाचा जड लाकडी मुद्गल, आणला. तो आत आणायला आमच्यातले दोघं लागले आणि पैलवानांनी तो एका हातानं जागेवर ठेवला.

हे करणार असाल तर नीट करा. प्रत्येक वस्तूची पावती द्या, फोटोसह, परत द्यायची तारीख घालून. सोनं-चांदी घेऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. देवघरातलं काही घेऊ नका, मग चपलांचा प्रश्न पुन्हा दारात येतो. वस्तूची माहिती मालकाच्या तोंडून ऐका आणि त्याच शब्दांत पट्टीवर लिहा, सुधारू नका. वस्तू बसलेल्या माणसालाही दिसेल अशा, साधारण ३६ इंच उंचीच्या चौथऱ्यावर ठेवा, कारण मालक म्हातारे असतात आणि रोज येऊन बसतात. खुर्ची ठेवा. ते तिथं बसून येणाऱ्या प्रत्येकाला आपल्या वस्तूची गोष्ट सांगतात आणि बोलता बोलता शेजारच्या चित्राचीही. इतका चांगला गाइड पगार देऊन मिळत नाही.

अभिप्रायाच्या वहीवर फार जाऊ नका, तिच्यात 'छान' आणि 'अप्रतिम' एवढंच असतं. दाराशी मी एक पाटी ठेवते आणि उंबरा ओलांडणाऱ्याची खडूनं रेघ मारते. पाचव्याची आडवी.

पाऊस

२०१९च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी गल्लीच्या तोंडापर्यंत आलं आणि आम्ही रात्री दोन वाजता चित्रं माळ्यावर चढवली. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच, पण तेव्हा तयारी होती. साठवलेलं चित्र जमिनीवर कधीच ठेवायचं नाही, मांडणीचा पहिला कप्पा तीन फुटांवर. कुठलं चित्र आधी उचलायचं याची यादी दाराच्या आतल्या बाजूला चिकटवलेली हवी, कारण त्या वेळी डोकं चालत नाही. पूर नसला तरी कोल्हापूरच्या पावसात बुरशी आणि कसर (कागद खाणारा किडा) येणारच. काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंट हवाच आणि तो आम्लमुक्त पुठ्ठ्याचा. फ्रेम मागून टेपनं बंद करा, कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि त्या बदलत राहा.

उतरवायचा दिवस

प्रदर्शन संपल्यावर चित्रकार गायब होतात, हा माझा अनुभव. म्हणून उतरवायची तारीखही कागदावर घाला. आलेल्या वेळचे फोटो समोर ठेवून एकेक चित्र तपासा, कोपऱ्यांना पुठ्ठा लावा. बबल शीटचे फुगे बाहेरच्या बाजूला, आत आधी साधा कागद, नाहीतर रंगावर गोल गोल ठसे उमटतात. सही घ्या. मग खिळे काढून भोकं लांबीनं भरा, सुकू द्या, घासा, रंगाचा हात द्या. आमच्या प्लायवूडला आता इतकी भोकं पडलीत की पुढच्या मे महिन्यात डावीकडची भिंत बदलावीच लागेल.