जिभेच्या मुळाशी गाठ सापडली तर काय करायचं

आमची आत्या कळव्याला असते, तिला घास गिळताना मागे काहीतरी अडकल्यासारखं व्हायचं, दुखत अजिबात नव्हतं म्हणून आठ महिने ॲसिडिटीच्या गोळ्या खात बसली आणि शेवटी निघाली लाळग्रंथीची गाठ, प्लिओमॉर्फिक अडेनोमा. कॅन्सर नाही. त्या धावपळीत जे कळलं ते लिहितोय.

आधी टॉर्च मारून आरशात बघाल तर जिभेच्या मागे एका रांगेत ८-१२ गोल पुटकुळ्या दिसतील, त्या सगळ्यांनाच असतात, घाबरू नका (मी घाबरलो होतो). टोकाखाली निळसर पाणीदार फुगी येते, फुटते, परत येते, तो बहुतेक म्युकोसील, म्हणजे लाळ साठून आलेला फोड. अडेनोमा टणक, वरून गुळगुळीत, अगदी सावकाश वाढणारा. टाळूवर जास्त होतो, जिभेवर क्वचितच, आणि झाला तर बहुतेक मुळाशी, म्हणून आरशात दिसतही नाही.

दुखत नाही म्हणजे साधीच गाठ असं मात्र धरू नका, कारण तोंडातल्या छोट्या लाळग्रंथींच्या गाठींमध्ये कॅन्सर निघायचं प्रमाण कानाखालच्या मोठ्या ग्रंथीपेक्षा बरंच जास्त असतं. थेट ईएनटीकडे जा, ते दुर्बिणीने बघतात, मग एमआरआय, सुईची तपासणी किंवा बायोप्सी. रक्त येत असेल, आवाज बदलला, मानेत गाठ लागली तर अजिबात थांबू नका, आणि श्वासाला त्रास होत असेल तर ओपीडीची वाट न बघता सरळ इमर्जन्सीत.

गाठ मुळाशी मधोमध असेल तर ऑपरेशनआधी मानेची सोनोग्राफी झालीय का ते विचाराच. काही जणांचा थायरॉइड जन्मापासून खाली मानेत उतरतच नाही, जिभेतच राहतो, आणि बऱ्याचदा तेवढाच असतो, तो गाठ समजून काढला तर जन्मभर गोळ्या.

सर्जनला दुसरा प्रश्न, गाठ नुसती सोलून काढणार का भोवतीचा थोडा चांगला भाग घेऊन? सोलताना आवरण फुटलं, कण मागे राहिले तर काही वर्षांनीही परत येते, आणि तशीच ठेवली तर पुढे कधीतरी कॅन्सरमध्ये बदलू शकते.

दुसरं मत घ्यायला आम्ही खारघरला गेलो, ठाण्याला गाडी बदलून पनवेल लोकल, आणि नुसता रिपोर्ट नेला होता. स्लाइड आणि ब्लॉक (काढलेल्या तुकड्याचे काचेवरचे काप आणि मेणात जपलेला तुकडा) लॅबमधून मागून घेऊनच जा, नाहीतर आमच्यासारखी दुसरी फेरी पडेल.