ट्रेनिंगला नाव आलं की जा

बँकेत लागून वर्ष-दीड वर्ष झालेल्या मुलामुलींकडून हमखास ऐकायला मिळतं, "मॅडम, एवढी परीक्षा देऊन आलो, आता परत अभ्यास कशाला?" मी क्लार्क म्हणून लागले, पुढे अधिकारी झाले, मधली काही वर्षं बँकेच्या ट्रेनिंग सेंटरला फॅकल्टी होते आणि आता पुन्हा शाखेत आहे. तेव्हा थोडं अधिकाराने सांगते: भरतीच्या परीक्षेतलं रीझनिंग काउंटरवर कोणी विचारत नाही. काउंटरवर लागतात ते नियम, आणि ते सतत बदलत असतात.

नॉमिनेशनचंच, म्हणजे खातेदारामागे पैसे कोणाला द्यायचे त्या नोंदीचंच घ्या. 1 नोव्हेंबर 2025 पासून ठेवीच्या खात्याला चार जणांपर्यंत नावं देता येतात. एकाच वेळी चौघांना टक्केवारी वाटून किंवा एकामागून एक, अशा दोन पद्धती आहेत. लॉकरला मात्र एकामागून एक हीच पद्धत चालते. एखाद्या आजी येऊन म्हणतात, "दोन मुलं, एक मुलगी, तिघांना सारखंच द्यायचंय." ज्याला हा फरक माहीत नाही तो त्यांना "एकच नाव चालतं" असं सांगून परत पाठवतो. त्याचा त्रास पुढे तिन्ही भावंडांना होतो. चेक क्लिअरिंग 4 ऑक्टोबर 2025 पासून बदललं, विनातारण शेतीकर्जाची मर्यादा 1 जानेवारी 2025 पासून 1.6 लाखांवरून 2 लाख झाली. हे सगळं सर्क्युलरमध्ये असतं, पण संध्याकाळी कॅश टॅली करून दमलेला माणूस सर्क्युलर वाचत नाही.

कर्जाच्या बाजूचा अनुभव तर फारच बोलका आहे. "थोडं व्याज भरून घ्या, खातं स्टँडर्ड (म्हणजे नियमित) होईल" हा समज शाखांमध्ये किती घट्ट बसला होता! रिझर्व्ह बँकेने 12 नोव्हेंबर 2021 च्या सर्क्युलरमध्ये स्पष्ट केलं की एनपीए झालेलं, म्हणजे हप्ते थकून बुडीताकडे गेलेलं खातं सगळी थकबाकी भरल्यावरच वर येतं. त्यावर आमच्या वर्गात जो वाद रंगला, तसा शाखेत कधी रंगला नसता. ट्रेनिंग सेंटरला कोकणातला, मराठवाड्यातला, पुण्यातला असे सगळे एका खोलीत बसतात आणि आपापल्या शाखेत काय चालतं ते चहाच्या वेळेला खरं बोलतात. माझ्या मते ट्रेनिंगचा निम्मा फायदा त्या चहातच असतो.

सर्वांत उपयोगी पडलेलं सत्र म्हणजे 'डिजिटल अरेस्ट'चं, म्हणजे पोलीस असल्याचं भासवून फोनवरच 'अटक' करून पैसे उकळण्याच्या फसवणुकीचं. वर्गातला एकजण ग्राहक झाला: निवृत्त शिक्षक, फोन कानाला, तो काही केल्या ठेवायला तयार नाही, मुदतीआधी एफडी मोडून अनोळखी खात्यात आरटीजीएस करायची घाई. विचारलं तर म्हणतो, "मुलाला पैसे लागतायत." दुसऱ्याने काउंटर सांभाळायचा. पहिल्या फेरीत सगळ्यांनी फॉर्म पुढे सरकवला. मग हळूहळू सुचत गेलं: ग्राहकाला आत केबिनमध्ये बसवा, पाणी द्या, फोन बंद करायला लावा, मुलाचा नंबर विचारा, असा अटकेचा प्रकार कायद्यात नाहीच हे शांतपणे सांगा. पैसे गेलेच असतील तर लगेच 1930 ला, सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन. ऑनलाइन मॉड्यूलमध्ये 'नेक्स्ट, नेक्स्ट' करत हे अंगात भिनत नाही. ई-लर्निंगला माझा विरोध नाही, पण वर्षअखेरीस टार्गेट भरण्यासाठी केलेलं ई-लर्निंग म्हणजे नुसती हजेरी.

परीक्षांबद्दल थोडक्यात. जेएआयआयबी ही बँक कर्मचाऱ्यांची पहिली व्यावसायिक परीक्षा पहिल्या दोन वर्षांत उरकून टाका. चार पेपर, पास व्हायला प्रत्येकात शंभरपैकी 50 गुण, नाहीतर एकाच वेळी सगळ्यांत किमान 45 आणि एकूण 50 टक्के. मग त्यापुढची सीएआयआयबी. या परीक्षा घेणारी मुंबईची संस्था 1928 पासूनची आहे. इन्क्रिमेंट मिळतं हे खरं, पण त्याहून महत्त्वाचं असं की रिझर्व्ह बँकेने 2016 मध्ये ट्रेझरी, जोखीम व्यवस्थापन, लेखा आणि कर्ज या कामांसाठी प्रमाणपत्राचा आग्रह धरला. उद्या क्रेडिटला, म्हणजे कर्ज विभागात जायचं असेल तर आजच तयारी करा. पुण्यात एनआयबीएम (राष्ट्रीय बँक व्यवस्थापन संस्था) आणि रिझर्व्ह बँकेचं कृषी बँकिंग महाविद्यालय आहे. तिथल्या कार्यक्रमाला नाव लागलं तर सोडू नका.

आता फॅकल्टी, म्हणजे ट्रेनिंग सेंटरला शिकवणारे, होऊ इच्छिणाऱ्यांसाठी. शाखा सोडून तीन वर्षं झाली की तुमच्या स्लाइडवरचा सीबीएसचा (बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीचा) स्क्रीन जुना होतो आणि मागच्या बाकावरचा मुलगा म्हणतो, "आता हा मेनू नाही, सर." दर तिमाहीत आठवडाभर एखाद्या गर्दीच्या शाखेत बसायची परवानगी मागा. नावं झाकून खऱ्या फाइली वर्गात आणा. वर्ग कसा घ्यायचा हेही शिकावं लागतं. उत्तम क्रेडिट ऑफिसर उत्तम शिक्षक असतोच असं नाही. हे बँकांना अजून पुरतं पटलेलं दिसत नाही.

अडचण एकच, शाखा ट्रेनिंगला जायला रिलीव्ह करत नाही. दोन कॅशियर, त्यातला एक रजेवर, मग मॅनेजर तरी काय करणार? नाव आल्या दिवशीच त्यांना सांगा, आपलं टेबल कोण बघेल ते आधी ठरवा. मार्च एंडिंगला नाव आलं तर बिनतक्रार थांबा, पण पुढच्या बॅचची तारीख मागून घ्या. मेलवर मागा, तोंडी नको.