थायरॉइड काढताना पॅराथायरॉइड ग्रंथी कशा जपाव्यात

संपूर्ण थायरॉइड काढायची असल्यास रुग्णाचे कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डी आधीच तपासून घ्यावे व कमतरता भरून काढावी. मराठवाड्यात गलगंड वर्षानुवर्षे वाढू दिलेले रुग्ण आजही येतात, आणि अशा मोठ्या गाठीने पॅराथायरॉइड ग्रंथी (थायरॉइडला लागून असलेल्या, रक्तातील कॅल्शियम सांभाळणाऱ्या छोट्या ग्रंथी) जागेवरून सरकलेल्या असतात.

या ग्रंथी बहुधा चार असतात. प्रत्येकी मसुरीच्या दाण्याएवढी, पिवळसर तपकिरी. वरची जोडी साधारणपणे रिकरंट लॅरिंजियल नर्व्ह (आवाजाची नस) आणि खालची थायरॉइड धमनी एकमेकींना ओलांडतात तिथून सुमारे 1 सेंमी वर, नर्व्हच्या मागच्या अंगाला सापडते. खालची जोडी गर्भावस्थेत थायमसबरोबर (छातीतील एक ग्रंथी) उतरत असल्याने तिचा ठिकाणा तितका पक्का नसतो.

मात्र ग्रंथी दिसली म्हणजे ती वाचली, असे नव्हे. तिचा रक्तपुरवठा बहुतांशी खालच्या थायरॉइड धमनीच्या बारीक फांदीवर अवलंबून असतो; म्हणून धमनीचे खोड न बांधता, थायरॉइडच्या आवरणाला धरून एकेक फांदी बांधत जावे आणि ग्रंथी तिच्या देठासह, भोवतीच्या चरबीसह हळूच बाजूला उतरवावी. चारही ग्रंथी पाहण्याच्या हट्टापायी ऊती उकरत बसू नये. इन्फ्रारेड कॅमेऱ्याखाली ग्रंथी चमकते खरी, पण तेवढ्यावरून तिचा रक्तपुरवठा शाबूत असल्याचे कळत नाही.

ग्रंथी काळवंडली तर लगेच काढू नये. आवरणाला बारीक छेद द्यावा; लालभडक रक्त आल्यास ती तिथेच राहू द्यावी. पांढरी पडलेली किंवा देठापासून तुटलेली ग्रंथी थंड सलाइनमध्ये ठेवावी, तिच्या कणभर तुकड्याची फ्रोझन सेक्शनने (तुकडा गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली केलेली तपासणी) खात्री करावी आणि उरलेल्या भागाचे 1 मिमीचे तुकडे करून मानेच्या स्टर्नोमास्टॉइड स्नायूतील कप्प्यांत पुरावेत. सलाइनमध्ये चरबी तरंगते व ग्रंथी बुडते, ही चाचणी सोपी असली तरी लसिकाग्रंथीही बुडते. कर्करोगाच्या रुग्णात ती गाठ कर्करोगाची असू शकते, म्हणून या चाचणीवर विसंबू नये. काढलेली थायरॉइड फॉर्मॅलिनमध्ये (नमुना टिकवणारे द्रावण) टाकण्यापूर्वी, तिला एखादी पॅराथायरॉइड चिकटून आली आहे का, हे उलटसुलट करून पाहावे.

कॅल्शियम बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी तळ गाठते, आणि तोवर अंबाजोगाईहून सुटी मिळालेला रुग्ण एसटीने गावी पोहोचलेला असू शकतो. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतर पॅराथायरॉइड हार्मोन व कॅल्शियम पाहूनच सुटी द्यावी. ओठांभोवती मुंग्या आल्या किंवा हाताची बोटे आखडली तर लगेच परत यावे, हे नातेवाइकांना समजावून सांगावे. थायरॉक्सिन (थायरॉइडच्या हार्मोनची गोळी) सकाळी उपाशीपोटी आणि कॅल्शियम जेवणानंतर, दोन्हींत किमान चार तासांचे अंतर ठेवून, असे कागदावर ठळक लिहून द्यावे.